अण्णांचा पाव तास

भिंतीवरच्या घड्याळानं पाच टोले दिले आणि माझी सून सारिका फोन हातात धरून तिथंच फरशीवर बसली. रडली नाही, नुसती बसली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

खोली आमच्या शेजारच्या नागनाथ अण्णांची. कोपऱ्यात त्यांचा जुना कॉम्प्युटर घरघरत होता आणि अण्णा त्याच्यासमोर स्टुलावर बसले होते. चष्मा कपाळावर, हात गुडघ्यांवर.

"डबा ठीक हाय. कोठी ठीक हाय. किल्ली ठीक हाय. मग आकडा कामून चुकायलाय?" असं ते मशिनलाच विचारत होते, तेही ओरडून.

सारिकाला नर्सिंगच्या कोर्सला जागा मिळाली होती. 'ही जागा मला पाहिजे' असं संध्याकाळी पाचच्या आत कळवायचं होतं, नाही तर जागा पुढच्या मुलीला जाणार होती. जिथून कळवायचं ते पत्र तिच्या ईमेलमध्ये आलं होतं. ईमेल उघडायला आधी तिचा पासवर्ड लागायचा आणि मग एक सहा आकडी नंबर. तो नंबर अण्णांच्या कॉम्प्युटरमधून निघायचा. आज निघत होता, पण चुकीचा निघत होता. जितक्यांदा टाकला तितक्यांदा चूक. आता अजून एकदा चुकलं तर उद्यापर्यंत खातं बंद, असं ईमेलवाल्यांनी लाल अक्षरात बजावलं होतं.

माझा मुलगा दत्तू ट्रकवर असतो, हैदराबादच्या रस्त्याला. त्यानं सारिकाला आधीच सांगून ठेवलं होतं, "या वर्सी नंबर लागला तर शीक. न्हाय लागला तर पुना इषय काढायचा न्हाय." बारावीनंतर लग्न झालेली पोरगी, पदरात एक लेकरू. लेकराला मांडीवर घेऊन तिनं परीक्षेचा अभ्यास केला होता. नंबर लागला होता. आणि आता पाच वाजले होते.

हे ज्यांच्यामुळं झालं आणि ज्यांच्यामुळं निस्तरलं ते अण्णा कसे होते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

अण्णा उमरग्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते. भूकंपानंतर बांधून दिलेल्या घरांची आमची आळी, सगळी घरं एकासारखी एक. पाहुणा चुकून दुसऱ्याच घरात जाऊन चहा पिऊन येतो. पण अण्णांचं घर कधी कुणाचं चुकलं नाही, कारण त्यांचा आवाज रस्त्यावरच ऐकू यायचा. ट्रंककॉलच्या काळात ओरडून बोलायची सवय लागली ती सुटलीच नाही. समोर बसलेल्या माणसाशी ते हैदराबादला बोलल्यासारखं बोलायचे. त्यांच्या घरातली कुठलीच गोष्ट आळीत कुणाला विचारावी लागायची नाही.

दुसरी सवय फुंकायची. फोन उचलला की आधी त्यात फुंकायचे. रेडिओ, टॉर्च, रिमोट, पुढं कॉम्प्युटर, काहीही चालू करायच्या आधी एक फुंकर. आम्ही बायका चुलीत फुंकतो तसं. मी एकदा विचारलं, "अण्णा, फुंकून काय व्हतंय?" तर म्हणाले, "काय व्हत न्हाय अक्का. पण न फुंकता चालू केलं आन बंद पडलं, तर फुंकलं असतं तर चाललं असतं असं वाटत ऱ्हातंय." मला ते पटलं.

आणि तिसरी सवय घड्याळाची. त्यांच्या भिंतीवरचं टोल्यांचं घड्याळ कायम पाव तास पुढं. हातातलं घड्याळ पण पाव तास पुढं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी म्हणे त्यांची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली होती. त्या दिवशी त्यांनी घड्याळाचा काटा पुढं सरकवला, तो रिटायर झाल्यावर पण मागं आणला नाही. आळीतल्या पोरांना माहीत होतं, बायकांना माहीत होतं. अण्णांच्या घड्याळात किती वाजले ते बघायचं आणि मनात थोडं कमी करायचं. आमच्या डोक्यात तो हिशेब आपोआप व्हायचा.

लोक म्हणायचे, "अण्णा, कसली घाई म्हणायची ही?" अण्णांचं उत्तर ठरलेलं. "घाई न्हाय. म्हणूनच तर लवकर निघालो."

लोहाऱ्याला एका लग्नाला अण्णा गेले तेव्हाची गोष्ट. पाव तास घड्याळाचा आणि वर अजून अर्धा दिवस मनाचा. पोचले तेव्हा मांडवाचे बांबूसुद्धा उभे नव्हते. मांडववाल्याला माणूस कमी पडत होता, त्यानं अण्णांच्या हातात दोरी दिली आणि "मामा, जरा धरा" म्हणाला. अण्णांनी धरली. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी, हातात दोरी. मांडव उभा राहीपर्यंत धरून ठेवली. मग मांडववाल्यांबरोबरच भात-आमटी खाल्ली, आहेर नवऱ्या मुलाच्या बापाच्या हातात दिला, आणि अक्षता पडायच्या आधीच परत निघाले. मी त्याच लग्नाला चालले होते. फाट्यावर मला परत येताना भेटले. म्हटलं, "अवो, लग्न लागलं का?" म्हणाले, "लागंल की. सगळं नीट हाय, मांडव मजबूत हाय, म्या बघून आलाव."

त्यांच्या बायकोनं, शांताबाईनं, सगळा संसार या पाव तासात काढला. ती हसत नाही, पण तिच्या जिभेला धार आहे. म्हणायची, "आमच्या घरात भाकरी शिळीच हुती, कारण उद्याची आजच करावी लागती."

अण्णा रिटायर झाले आणि घरी बसले. रिकामा बसलेला बाप्या घरातल्या बाईला जड होतो हे वेगळं सांगायला नको. पुण्याच्या भाच्यानं एक जुना कॉम्प्युटर त्यांना देऊन टाकला. त्याला वाटलं म्हातारा पत्ते खेळेल. म्हाताऱ्यानं एक महिना नुसता त्याच्या वायरींचा गुंता सोडवला, आणि मग त्यालाच आपलं टेलिफोन एक्स्चेंज करून टाकलं. इंग्रजी वाक्यावर बोट ठेवून, जीभ दातांत धरून वाचायचे. अडलं की मोबाइलवर व्हिडिओ लावायचे. व्हिडिओतला माणूस भरभर बोलायचा, अण्णा त्याच्यावर ओरडायचे, "थांब बाबा, कुठं गाडी चुकायली का तुजी?"

आता तो सहा आकडी नंबर आळीत कसा आला ते सांगते.

आमच्या भजनी मंडळाचं फेसबुकवर एक पान होतं. एक दिवस त्या पानावर काळे गॉगल विकायला आले. वर विठ्ठलाचा फोटो, खाली गॉगल. मंडळाचे वीणेकरी बुवा रस्त्यानं चालले की पोरं विचारायची, "बुवा, आमच्या मापाचा हाय का?" कुणीतरी पासवर्ड चोरून पान पळवलं होतं. बुवांचा पासवर्ड त्यांच्या नातवाचं नाव होतं, आणि नातवाचं नाव तर त्यांच्या दारावरच रंगवलंय.

अण्णा या कामात पडले. पान परत मिळालं नाही, नवं काढावं लागलं. पण त्या दिवसापासून त्यांनी ध्यास घेतला, की आळीतल्या प्रत्येक खात्याला दुसरं कुलूप लागलं पाहिजे.

मी म्हटलं, "पासवर्ड हाय की. अजून कुलूप कशाला?"

म्हणाले, "अक्का, गावकीच्या भांड्यांची खोली आठवा."

आमच्या गावात जत्रेच्या जेवणाची मोठी भांडी एका खोलीत असतात. त्या खोलीला दोन कुलपं आहेत. एक किल्ली वरच्या आळीत एका घरी, दुसरी खालच्या आळीत दुसऱ्या घरी, आणि मुद्दाम अशी दोन घरं निवडलेली, की ज्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. दोघं आल्याशिवाय खोली उघडत नाही. दोघं येतात, दोन दिशांना तोंडं करून आपापलं कुलूप काढतात आणि निघून जातात. आजवर एक पळी हरवलेली नाही.

"पासवर्ड ही वरच्या आळीची किल्ली," अण्णा म्हणाले, "आन हा सहा आकडी नंबर खालच्या आळीची. चोराला एक घावली तरी दुसरी न्हाय. आन हा नंबर सारका बदलतोय, पापड उलटंस्तवर नवा."

हे मला चौथी शिकलेलीला कळलं, म्हणजे नीटच सांगितलं.

पण लोक हा नंबर आपापल्या फोनमध्ये ठेवतात. आमच्याकडं फोनचं काय खरं? एक फोन तिघांत. सकाळी पोराच्या हातात, दुपारी बाईच्या, रात्री ट्रकमध्ये. कुणाचा हौदात पडतो, कुणाचा शेळी चाटते. फोन गेला की खालच्या आळीची किल्ली गेली. म्हणून अण्णांनी ठरवलं, की नंबर काढायची सोय आपल्याच घरात, आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवायची. कुठल्या परक्या कंपनीकडं नको. ज्याला नंबर पाहिजे त्यानं अण्णांच्या ओट्यावर यायचं, त्यांच्या वायफायला फोन जोडायचा, आपलं खातं उघडायचं आणि नंबर बघायचा. प्रत्येकीचं खातं वेगळं, एकीचं दुसरीला दिसायचं नाही.

ते सगळं एका डब्यात बसवायचं असतं म्हणे. त्याला इंग्रजीत कंटेनर म्हणतात, अण्णा डबाच म्हणायचे. प्रवासाला निघताना आपण डब्यात भाकरी, चटणी, कांदा सगळं बांधून घेतो, वाटेत कुणाकडं काही मागावं लागत नाही, तसा तो डबा. त्या कामाला लागणारं सगळं आतच. कॉम्प्युटरवर बाकी काय आहे याच्याशी त्याचं देणंघेणं नाही.

पहिल्या वेळी डबा बसला. आळीतल्या बायकांनी आपापली खाती जोडली. अण्णांनी सगळ्यांना चहा दिला, म्हणजे शांताबाईला करायला लावला. पुढच्या आठवड्यात डब्याची नवी सुधारलेली आवृत्ती निघाली. अण्णांनी जुना डबा काढला आणि नवा ठेवला. नवा चकचकीत, आणि आत काही नाही. सगळ्यांचं सगळं गेलं.

दोन दिवस अण्णांना आळीत तोंड दाखवायला जागा नव्हती. एकेकीचं खातं परत मिळवता मिळवता त्यांचा घसा बसला, आणि तेवढे दिवस आळी शांत होती. शांताबाई म्हणाली, "लोणच्याची बरणी घासायला घेतली आन लोणच्यासकट घासली बगा यांनी."

अण्णांनी ते बोलणं मनावर घेतलं. राग आला नाही. बसून विचार केला. म्हणाले, "ती म्हनली ते खरं हाय. लोणचं डब्यात ठिवायचंच न्हाय." मग त्यांनी कॉम्प्युटरवर डब्याच्या बाहेर एक वेगळी जागा केली, तिला कोठी म्हणायचे. सगळ्यांची माहिती कोठीत, आणि डब्याला कोठीचं दार जोडलेलं. आता डबा कितीदा बदला, कोठी आहे तशी. त्या कोठीला वर एक लांबलचक गुप्त किल्ली, ती त्यांनी पाठ केली. सकाळी तोंड धुताना पुटपुटायचे, लोकांना वाटायचं स्तोत्र म्हणतात. बाहेरच्या जगातून डब्याकडं येणारी वाट त्यांनी बंद ठेवली. म्हणायचे, "खालच्या आळीची किल्ली खालच्या आळीतच पायजे. ज्याला पायजे त्यानं चालत यावं."

त्यातून एक नवाच प्रकार सुरू झाला. आळीतल्या बायका "नंबर घ्यायला जाते" म्हणून घरातून निघायच्या आणि दोन तासांनी परत यायच्या. नंबर पापड उलटेपर्यंत मिळायचा, बाकीचा वेळ शांताबाईच्या ओट्यावर जायचा. सासवा कुरकुर करायला लागल्या. मी कुरकुर केली नाही, कारण मी पण तिथंच असायची. मला नंबर लागत नव्हता, पण ओटा लागायचा.

माझं अण्णांशी फार जमायचं असं नाही. ते बोलतात फार आणि ऐकतात कमी. भाजी आणायला पाठवलं तर बाजार भरायच्या आधी जाऊन आदल्या दिवशीची भाजी घेऊन यायचे. कुणाचं कौतुक त्यांच्या तोंडून निघायचं नाही. पण एखादं बिघडलेलं काम हातात घेतलं, की सोडायचे नाहीत. एक्स्चेंजमध्ये लाइन बंद पडली की सायकलवर खांबामागून खांब बघत जायचे म्हणे, माकणीच्या धरणापर्यंत. म्हणायचे, "बिघाड कुठं पळून जात न्हाय. आपूनच त्येच्यापर्यंत पोचत न्हाय."

तर आता त्या दिवसाकडं येते.

सकाळपासून लाइट नव्हती, कुठंतरी तारांचं काम चाललं होतं. दुपार कलल्यावर आली. तोवर सारिकाच्या फोनवर मैत्रिणीचा निरोप आला होता, की तुझा नंबर लागलाय, ईमेल बघ, आजच कळवायचंय. ती पळतच अण्णांकडं गेली. मी मागनं गेले.

अण्णांनी फुंकर मारली आणि कॉम्प्युटर चालू केला. त्याच्या पोटातला छोटा सेल मेला होता, त्यामुळं त्याला आजची तारीख, आत्ताची वेळ काहीच आठवत नव्हतं. तारीख आणि वेळ, दोन्ही अण्णांनी आपल्या हातानं भरली. डबा उघडला. सारिकानं नंबर बघितला, ईमेलमध्ये टाकला. चूक. दुसरा नंबर आला, टाकला. चूक.

अडीअडचणीला वापरायचे वेगळे नंबर आधी देऊन ठेवलेले असतात. ते सारिकाच्या जुन्या फोनमध्ये होते, आणि तो फोन दत्तूनं जुन्या मोबाइलवर प्लास्टिकचे टब देणाऱ्याला देऊन टाकला होता. टब अजून आहे.

अण्णा खांबामागून खांब बघत निघाले. डबा बंद करून चालू केला. कोठीचं दार बघितलं. किल्ली पुटपुटून परत तपासली. सगळं जागच्या जागी. सारिकानं अजून एकदा टाकला. चूक, आणि ते लाल अक्षर आलं. आणि घड्याळानं पाच टोले दिले.

"संपलं," अण्णा म्हणाले. एरवी ओरडून बोलणारा माणूस, हा शब्द मात्र मला कसाबसा ऐकू आला. "पोरी, माज्यामुळं गेलं बग तुजं."

सारिका म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अण्णा." फरशीकडं बघत म्हणाली.

नेहमी मनात पाव तास कमी करणारी मी, त्या वेळी मला पण पाच म्हणजे पाचच वाटले. सारिकाच्या हातात फोन होता, त्याच्या कोपऱ्यात खरी वेळ होती. पण घाबरलेलं माणूस हातातलं बघत नाही, भिंतीकडं बघतं.

शांताबाई आतून चहाचे कप घेऊन आली. आमच्या तिघांची तोंडं बघितली. म्हणाली, "कोन मेलं?"

"पाच वाजले," अण्णा म्हणाले.

"कुणाचे?"

"म्हंजी?"

"तुमचे वाजले. सरकारचे वाजल्यात का? पाचची लोहाऱ्याची गाडी तरी आली का अजून?" तिनं ट्रे खाली ठेवला. "जलमभर त्या घड्याळानं मला पळवलं, आज या पोरीला बशिवलं. आन या कॉम्प्युटरला पण तुमीच घड्याळ लावलं असंल न्हवं, भिताडाकडं बगून?"

अण्णांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली वेळ बघितली. मग सारिकाचा फोन हातातून घेऊन त्यातली वेळ बघितली.

"अरारारा," ते म्हणाले, "त्येला पण माजंच घड्याळ लावलं की म्या!"

मग त्यांनी सांगितलं ते असं. तो नंबर वेळेवरून बनतो. इकडं अण्णांचा कॉम्प्युटर आणि तिकडं ईमेलवाल्यांचा कॉम्प्युटर, दोघं आपापल्या घड्याळात बघून तोच नंबर बनवतात, म्हणून जुळतो. कॉम्प्युटर आपली वेळ बाहेरून आपोआप नीट करून घेतो, पण ती सोय अण्णांनीच कधीतरी बंद करून टाकली होती. आपल्या घरातल्या घड्याळाला बाहेरच्यानं हात लावावा हे त्यांना पटलं नव्हतं. आजवर पोटातल्या सेलवर चाललं. आज सेल मेला, आणि अण्णांनी सवयीनं भिंतीकडं बघून वेळ भरली. म्हणजे आमचा डबा पाव तासानंतरचे नंबर आत्ताच देत होता.

"मग करा की मागं," मी म्हटलं.

अण्णांनी हात पुढं केला आणि थांबले. खरंच थांबले. तिकडं पोरीचं नशीब टांगलेलं, आणि या माणसाला घड्याळ मागं करवेना. बायकोकडं बघून म्हणाले, "तू कर."

"मला येतंय व्हय ते? तुमी केलंय, तुमीच निस्तरा. आन जरा बिगी करा, तुमची घाई आज कामाला येऊ द्या."

अण्णांनी डोळे मिटून घेतले, उघडले आणि वेळ मागं केली. डबा नव्यानं चालू केला. नवा नंबर आला. सारिका उठली होती, पण एकीकडं नंबर बघायचा आणि दुसरीकडं फोनवर टाकायचा, हे एकटीला जमेना.

"अण्णा, तुमी वाचा. म्या टाकते."

अण्णांनी वाचला. ट्रंककॉलच्या आवाजात. "सात! शून्य! दोन! परत दोन!" बाहेर रस्त्यावरनं कुणीतरी बाई ओरडली, "अण्णा, काय लिलाव हाय का?" ज्या माणसानं वर्षभर आम्हाला बजावलं, की हा नंबर नवऱ्याला पण सांगू नका, तो सगळ्या आळीला ऐकवत होता.

"अवो, हळू!" सारिका म्हणाली.

"ऐकू दे! पापड उलटला की मेला तो नंबर! नऊ! चार!"

ईमेल उघडलं.

पुढं त्या पत्रातून उघडलेली प्रवेशाची साइट नुसती फिरत राहिली, मधेच नेट गेलं, अण्णांनी भिंतीवरच्या वायफायच्या खोक्यात जाऊन फुंकर मारली आणि नेट आलं. फुंकरीनं आलं असं मी म्हणत नाही. पण आलं. सारिकानं ते 'मला पाहिजे'चं बटण दाबलं, आणि हिरव्या अक्षरात पोच आली. ती वाचून होईपर्यंत चहा निवला होता. तो आम्ही तसाच प्यायलो. कप खाली ठेवताना फाट्यावर लोहाऱ्याच्या गाडीचा हॉर्न वाजला.

शांताबाई म्हणाली, "आता वाजले पाच."

त्या दिवसानंतर अण्णांनी कॉम्प्युटरला बाहेरून वेळ घेऊ दिली. सेल पण बदलला. भिंतीवरचं घड्याळ मात्र आहे तसंच ठेवलं. म्हणाले, "त्येला सरकारची वेळ. मला माजी." ते कुणाला सांगणार नव्हते, पण शांताबाईनं सगळ्या आळीला सांगितलं. वीणेकरी बुवा त्यांना रस्त्यात अडवून विचारायचे, "अण्णा, उद्याचं काय चाललंय?" इतके दिवस गॉगलवरून सोसलं होतं त्यांनी, आता त्यांची पाळी होती. अण्णा हसायचे नाहीत, पण रस्ता पण बदलायचे नाहीत.

सारिका पेढे घेऊन गेली तर अण्णा म्हणाले, "पेढे ऱ्हाऊ दे. लवकर निघायचं शीक." ती ते काही शिकली नाही. कोर्स होईपर्यंत रोज उमरग्याला जायची, रोज पळत गाडी धरायची, एक हात ओढणीला आणि एक दाराच्या दांड्याला. अण्णा ओट्यावरून बघायचे आणि डोक्याला हात लावायचे.

मग त्यांना दिसायला कमी झालं. मुलगी सोलापूरला असते, तिनं दोघांना घेऊन जायचं ठरवलं. जायच्या आधी अण्णांनी सारिकाला बोलावून डबा, कोठी, किल्ली सगळं समजावलं. दोन दिवस समजावत होते. आम्ही कान बंद करून बसलो होतो. किल्ली तिच्याकडून पाठ करून घेतली आणि कॉम्प्युटर आमच्या घरी आणून ठेवला. ठेवताना एकदा फुंकला.

मी त्यांना शेवटचं फाट्यावर बघितलं. मी गिरणीत दळण ठेवायला चालले होते. अण्णा गाठोड्यावर बसले होते, शांताबाई शेजारी झाडाला टेकून. मी विचारलं, "गाडी केवड्याला हाय?"

"वेळ हाय अजून," अण्णा म्हणाले. "घाई न्हाय अक्का. म्हणूनच लवकर आलाव."

शांताबाईनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

दळण घेऊन परत आले तरी दोघं तिथंच. सारिका पण तिथं आली होती, ड्यूटीवरनं, पांढऱ्या कपड्यांतच. अण्णा हातातलं घड्याळ डोळ्यांपाशी नेऊन बघत होते. मग त्यांनी तिला विचारलं, "पोरी, खरे किती वाजले?"

हे त्यांनी आजवर कुणाला विचारलं नव्हतं. सारिकानं फोन बघून सांगितलं. अण्णांनी मान हलवली, "बरं" म्हणाले, आणि हातातलं घड्याळ होतं तसंच ठेवलं. तेवढ्यात गाडी आली. सगळ्यांच्या आधी अण्णा चढले, आणि आतून ओरडून शांताबाईला सांगायला लागले, की जागा धरलीय. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षी ते सोलापुरात वारले. 'अण्णा इथं पण आधी पोचले' असं आळीत कुणी कुणी म्हणालं. मला ते बोलणं आवडलं नाही. वय झालं होतं, म्हणून गेले.

त्या दिवशी त्या खोलीत आम्ही चौघं होतो. अण्णा गेले. शांताबाई मुलीकडं आहे, फोनवर अजून तसंच तोडून बोलते. सारिका उमरग्याच्या दवाखान्यात नर्स आहे. मी इथं आहे.